वगळलेली पत्रे

बोटताल प्रयोगशाळा सातव्या मजल्यावर होती आणि लिफ्ट सहाव्याच मजल्यापर्यंत जायची. सातवा मजला मागाहून चढवला होता, लिफ्ट वाढवायचं राहून गेलं, आणि भद्रसेतू निगराणी कंपनीत एकदा राहून गेलेली गोष्ट सहसा राहूनच जायची. शर्वरी मोहरील शेवटचा जिना चढून वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. बावन्न हे काही थकायचं वय नव्हे. पण गेली तीन वर्षं तिला सलग झोप मिळाली नव्हती आणि आता ती मिळावी अशी अपेक्षाही तिने सोडून दिली होती.

नागपुरातून पूर्व विदर्भातल्या दोनशे चौदा पुलांवर नजर ठेवायची, हे या कंपनीचं काम. प्रत्येक पुलाच्या खांबांत ताणमापक बसवलेले असत. पुलावर किती भार आला, तो किती वाकला, किती सावरला, हे आकडे नागपूरच्या पडद्यांवर अखंड येत. शर्वरीचा मात्र पुलांशी संबंध नव्हता. ती कंपनीची गोपनीयता अधिकारी होती. कर्मचाऱ्यांचं खासगी ते खासगी राहावं म्हणून कायद्याने नेमायला लावलेली अधिकारी, आणि नऊ वर्षांत तिच्याकडे आलेलं प्रत्येक काम हे कुणाचं तरी खासगी उघडं करण्याचंच होतं.

“या, बसा,” डॉ. रेवती टेंभुर्णे म्हणाल्या. तालनोंदक हे यंत्र त्यांनी बनवलं होतं. चाळिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला सरळ बाई. “पाणी देऊ?”

“द्या. आणि मला हे यंत्र समजावून सांगा. उद्या तीन वाजता मला एका माणसाला काढून टाकायच्या कागदावर सही करायची आहे. निदान कशावर सही करते आहे ते तरी कळू दे.”

“इतकी वर्षं न समजता करत होता?”

“इतकी वर्षं कुणी नोकरीवरून गेलं नव्हतं.”

रेवतीबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि समोरचा पडदा उजळला.

“कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पुलांच्या जाळ्यात बाहेरून कुणी शिरू नये म्हणून आपण सगळ्यांचे फोन दाराशीच जमा करून घेतो. मग घरच्यांशी बोलायचं कसं? म्हणून जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं ऑफिसच्या यंत्रावरून खासगी मेल करायला परवानगी आहे. तो मेल कंपनीने वाचायचा नाही. कुणाला लिहिला, तेही पाहायचं नाही.”

“बरोबर.”

“पण तो लिहिताना बोटं कशी चालली, हे कायद्यात कुठेच नाही. कुठल्या कळीनंतर किती थांबलात, कुठे अडखळलात, कुठे सुसाट सुटलात. मजकूर नाही, नुसता ताल. त्याला आम्ही बोटताल म्हणतो. माणूस मनात एक ठेवून दुसरंच लिहायला लागला की हा ताल बदलतो.”

“म्हणजे खोटं लिहायला लागला की.”

“हो. पण गंमत अशी, की प्रत्येकाचा वेगळा बदलतो. कुणी खोटं लिहिताना अडखळतं, तर कुणी खरं लिहिताना अडखळतं आणि खोटं झरझर लिहितं. त्यामुळे अमुक ताल खरा आणि अमुक खोटा, असं यंत्राला सांगताच येत नाही. यंत्राला एवढंच कळतं, की हा ताल या माणसाच्या नेहमीच्या तालासारखा आहे की नाही. नेहमीचा तो मूलताल, आणि त्यापासून जो फरक पडतो त्याला आम्ही ढळ म्हणतो. साधारण माणसाचा ढळ दहाच्या आसपास असतो. पंचवीस ओलांडला की कळफलकावरचा हिरवा दिवा पिवळा होतो.”

हा दिवा शर्वरीनेच भांडून बसवून घेतला होता. आपल्या बोटांचं मोजमाप चालू आहे हे निदान माणसाला दिसावं, एवढंच तिला संचालक मंडळाकडून मिळवता आलं होतं. आठवड्याभरात लोकांना दिव्याची सवय झाली आणि तो दिसेनासा झाला.

“आणि नेहमीचा ताल कुठला, हे कशावरून ठरवता?”

“सुरळीत-पत्रावरून. दुसरं काय आहे आपल्याकडे?”

सुरळीत-पत्र ही भद्रसेतूची जुनी चाल. रोज सकाळी कामावर आल्यावर पंधरा मिनिटांच्या आत प्रत्येक कर्मचाऱ्याने वरिष्ठांना एक ओळ लिहायची: ‘आज माझ्या विभागात सर्व काही सुरळीत आहे.’ ही ओळ हातानेच लिहिली पाहिजे असा दंडक होता. पूर्वी एका महाशयांनी ती आपोआप जायची सोय करून ठेवली होती आणि ते पचमढीला हवा खात असताना इकडे त्यांचा विभाग रोज सुरळीत असल्याचं कळत राहिलं. तेव्हापासून सहाशे चाळीस माणसं रोज सकाळी तीच ओळ एकेक कळ दाबून लिहीत होती.

“मोजमापाला याच्याइतकं सोयीचं काही नाही,” रेवतीबाई म्हणाल्या. “तोच माणूस, तीच वेळ, तेच शब्द. वर्षभराच्या पत्रांतून मूलताल निघतो आणि दर वर्षी तो आम्ही नव्याने काढतो, कारण माणसाचा हात बदलत जातो. ही नंदनवारांची आकृती. गेल्या वर्षीपर्यंत ढळ नऊ होता. या वर्षी मूलताल नवा काढला आणि ढळ एकदम सदतीस. प्रत्येक खासगी पत्रात सदतीसच्या मागेपुढे.”

“म्हणजे माणूस वर्षभरात बदलला.”

“मंडळाचं तेच म्हणणं आहे. बाहेर कुणाला तरी माहिती पुरवतो आहे.”

भिंतीवर एका चौकटीत आणखी एक आकृती लावली होती. दोन रेषा, एक निळी, एक तांबडी, पण एकमेकींवर अशा बसलेल्या की जांभळी अशी एकच दिसावी.

“हे काय?”

“तो आमचा आदर्श नमुना,” रेवतीबाई जरा खुलल्या. “ढळ शून्य. ऑफिसातलं पत्र आणि खासगी पत्र, ताल तंतोतंत एक. असा अख्ख्या कंपनीत एकच कर्मचारी आहे. यंत्राची तपासणी आम्ही याच नमुन्यावर करतो. नाव मलाही माहीत नाही, नावं बारलिंगे साहेबांकडे असतात.”

शर्वरीने त्या रेषेकडे पाहिलं. असाही कुणी निवांत माणूस आपल्याच इमारतीत आहे, याचं तिला थोडं कौतुक वाटलं आणि थोडा हेवाही वाटला. मग ती जिना उतरायला लागली.

हेमराज नंदनवार तिच्या खोलीबाहेरच्या बाकावर आधीच येऊन बसला होता. चौपन्न वर्षांचा, अंगाने किरकोळ, सदऱ्याच्या खिशाला पेन लावलेला. पुलांच्या दक्षिण विभागात तो एकवीस वर्षं होता. आत येऊन तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

“नंदनवार, तुम्हाला नियम ठाऊक आहे,” शर्वरी म्हणाली. या वाक्याचा तिला स्वतःलाच कंटाळा होता. “तुमची पत्रं कुणीही वाचलेली नाहीत. पण तुम्ही स्वतः होऊन ती उघडून दाखवलीत, आणि त्यात काही नसलं, तर प्रकरण इथेच मिटतं. नाही दाखवलीत तर ढळ हाच पुरावा धरला जातो. उद्या तीनला माझी सही आणि परवा तुमची नोकरी जाईल.”

“समजलं मॅडम.”

“मग दाखवता?”

“नाई.”

“कुणाला लिहिता, ते तरी सांगा.”

“ते सांगतो. मनोहर म्हणून दोस्त हाये माहा. तुमसरले राह्यते. दोन वर्षं झाले, अंथरुणावर पडून हाये. मी त्याले लिहितो, तो मले लिहिते.”

“दोस्ताला लिहिलेल्या पत्रात लपवण्यासारखं काय असणार?”

“माह्यं काही नाई मॅडम. माह्यं तुमी चौकात लावा. पण त्या पत्रात त्याचं घर हाये. त्याले कोन आंघोळ घालते, कोन नाई घालत, पोरगं कसं बोलते, बायको कधी रडते. त्यानं ते मले सांगितलं, तुमाले नाई. माह्या घराचं दार मी उघडीन. त्याच्या घराचं कसं उघडू?”

गोपनीयतेच्या कायद्याची एकशे बारा कलमं शर्वरीला पाठ होती आणि त्यात हे कुठेच इतकं सरळ लिहिलेलं नव्हतं.

“नोकरी जाईल, नंदनवार.”

“जाईन.” तो उठला आणि दाराशी जाऊन थांबला. “एक इचारू का? सकाळचं सुरळीत-पत्र तं खासगी नसते ना?”

“नाही. ते कंपनीचं.”

“मंग ते कोनी वाचते का?”

“वाचत असेल कुणीतरी.”

“तुमी वाचा,” हेमराज म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “माह्यं खासगी वाचासाठी एवढी मोठी मशीन आनली. अन् तुमच्याच नावानं आलेलं कोनी उघडून पाहून नाई राह्यलं.”

तो गेल्यावर शर्वरी उठली. मग पुन्हा सहाव्या मजल्यापर्यंत लिफ्ट आणि वरचा जिना.

“नंदनवारांची सुरळीत-पत्रं उघडायची आहेत,” ती म्हणाली.

रेवतीबाईंनी भुवया उंचावल्या. “त्यात काय उघडायचं? एकच ओळ असते.”

“असेना. उघडा.”

दोन वर्षांची पत्रं होती. पडद्यावर खालपर्यंत एकच ओळ उतरत गेली, वाचणाऱ्याच्या डोळ्यावर झापड यावी अशी. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: वगळलेली पत्रे, अकरा.

“ही वगळलेली का?”

“त्यांचा मजकूर वेगळा असणार. मूलतालाला एकसारखे शब्द लागतात. कुणी ओळ चुकीची लिहिली, कुणी खाली नमस्कार घातला, तर यंत्र ते पत्र बाजूला टाकतं.”

“बाजूला म्हणजे कुणाकडे?”

“कुणाकडेच नाही,” रेवतीबाई म्हणाल्या. “साठ्यात पडून राहतं.”

“मग सुरळीत-पत्रं शेवटी वाचतं कोण?”

“तालनोंदक आल्यापासून ती थेट यंत्रातच येतात. त्याआधी बहुतेक साहेबांच्या स्वीय सहायकांकडे जात असतील. नक्की मला माहीत नाही.”

वगळलेली अकरा पत्रं पडद्यावर आली. सगळी चौदा महिन्यांपूर्वीची होती, ओळीने अकरा कामाच्या दिवसांची. पहिलं असं होतं:

‘सतरा क्रमांकाच्या पुलाच्या तिसऱ्या खांबातले चारही ताणमापक काल दुपारपासून बंद आहेत. पडद्यावर दिसतात ते आकडे जुने आहेत, तेच ते फिरत आहेत. पूल बरा आहे की नाही हे आता आपल्याला कळत नाही. कृपया माणूस पाठवावा.’

पुढची नऊ याच अर्थाची होती, फक्त प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा थोडं आखूड होत गेलं होतं. अकराव्यात दोनच वाक्यं होती. ‘सतरा क्रमांकाच्या पुलाचे ताणमापक बंद आहेत. मी हे अकराव्यांदा कळवत आहे.’

बाराव्या दिवशी हेमराजने लिहिलं होतं, ‘आज माझ्या विभागात सर्व काही सुरळीत आहे.’ तेव्हापासून आजवर रोज तेच.

सतरा क्रमांकाचा पूल शर्वरीच्या घराच्या वाटेवर होता. ती त्याच्यावरून रोज दोनदा जायची. दर शुक्रवारी नवऱ्याला, उल्हासला, गाडीत बसवून त्याच पुलावरून डॉक्टरांकडे न्यायची. पूल बरा असेलही. पण ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि चौदा महिने हजारो माणसं त्या न ठाऊक असण्यावरून ये-जा करत होती.

“या अकरा पत्रांचा ताल आहे का तुमच्याकडे?”

“ताल सगळ्यांचाच असतो.”

“त्याच्या खासगी पत्रांच्या तालाशेजारी ठेवा.”

रेवतीबाईंनी दोन आकृत्या आणल्या. मग त्या एकमेकींवर सरकवल्या. दोन्हींतले चढउतार, दोन्हींतले थांबे जागच्या जागी बसले. फरक तीन आला. रेवतीबाईंनी तो दोनदा काढून पाहिला आणि नंतर त्या खुर्चीत मागे टेकल्या.

“माणूस बदललाच नाही,” शर्वरी सावकाश म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी त्याचा विभाग खरोखर सुरळीत होता. तेव्हा तो सकाळी खरं लिहायचा आणि दुपारी मित्रालाही खरंच लिहायचा. ढळ नऊ. मग ताणमापक बंद पडले. अकरा दिवस त्याने सकाळीही खरं लिहिलं, ते तुमच्या यंत्राने वगळलं. बाराव्या दिवसापासून तो सकाळी खोटं लिहायला लागला. तुम्ही वर्षाने नवा मूलताल काढलात, तो त्या खोट्याचा. दुपारचं पत्र होतं तसंच राहिलं.”

“म्हणून सदतीस,” रेवतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. “शब्द एकसारखे आहेत एवढंच मी पाहिलं. ते शब्द खरे आहेत का, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ओळ इतकी साधी होती. शर्वरीताई, ढळ जास्त असलेली माणसं म्हणजे कुठेतरी, कुणाशी तरी खरं बोलणारी माणसं. आम्ही त्यांनाच हुडकून काढत होतो.”

“सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून वगळलेली पत्रं किती आहेत?”

रेवतीबाईंनी आकडा काढला. एक हजार नऊशे सहा.

मुख्य व्यवस्थापक बारलिंगे दुष्ट माणूस नव्हते. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि ते आठ महिने आवाज न होता जावेत, एवढीच त्यांची इच्छा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मध्येच न तोडता ऐकून घेतलं. मग चष्मा काढून तो पुसत बसले.

“मोहरील मॅडम, पुलाचं तांत्रिक विभाग पाहील. मी टिपण पाठवतो.”

“तुमचं टिपणही वगळलं जाईल, साहेब.”

“तुम्ही चिडलात.”

“नाही. चिडायला ताकद लागते.”

“मग माझं ऐका. मंडळाने ढळ मोजायला सांगितलं, आपण मोजला. पंचवीसच्या वर गेला की काढायचं, हा नियम झालेला आहे. आज नंदनवारला सोडलं तर यंत्र चुकलं असं होईल. यंत्र चुकलं म्हटलं की ते कुणी घेतलं, का घेतलं, तेवढ्या पैशात पुलांकडे का लक्ष दिलं नाही, सगळं निघेल. तीनला सही करा, आणि पुलाचं मी बघतो.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि मायेनेच म्हणाले, “तुमच्यासारख्या माणसाने तरी असं बोलू नये. अहो, कंपनीतला सगळ्यात भरवशाचा माणूस कोण, माहीत आहे? वर प्रयोगशाळेत भिंतीवर लावलाय ना, तो शून्य ढळाचा नमुना? तो तुमचा आहे. मी कुणाला बोललो नव्हतो. सकाळचं पत्र आणि घरचं पत्र, केसाचाही फरक नाही.”

शर्वरी “बरं,” एवढंच म्हणाली आणि बाहेर आली.

आपल्या खोलीपर्यंतचे साठ-सत्तर पावलांचं अंतर तिला फार लांब वाटलं. सकाळच्या पत्राचं तिला नवल नव्हतं. आपल्या विभागात काहीएक सुरळीत नाही हे नऊ वर्षं तिला पक्कं माहीत होतं, तरी ती रोज ती ओळ लिहायची. पण तिची खासगी पत्रं एकाच पत्त्यावर जात. मेलबर्नला, ओवीला, तिच्या लेकीला.

तीन वर्षं ती ओवीला रोज दुपारी लिहीत होती. बाबा छान आहेत. काल फिरून आले. तुझी आठवण काढत होते. तू तुझं काम बघ, इकडची काळजी करू नकोस. आणि उल्हास, ज्याने तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, त्याला आता स्वयंपाकघरातून बैठकीत यायची वाट सापडत नव्हती. संध्याकाळी ती घरी आली की तो अदबीने उठून उभा राहायचा. “या, बसा. आमच्या सौ. बाहेर गेल्यात, येतीलच इतक्यात. चहा घेणार ना तुम्ही?” असं रोज विचारायचा. ती पाहुण्यासारखी कोचावर बसायची आणि हो म्हणायची, कारण नाही म्हटलं की तो कावराबावरा व्हायचा. हे तिने ओवीला कधी कळू दिलं नव्हतं. पोरीला त्रास नको, असं ती स्वतःला सांगायची. आता तिला वाटलं, त्रास पोरीला नको होता की ते लिहिताना आपल्याला नको होता, कुणास ठाऊक.

भिंतीवरच्या चौकटीत ती ज्या निवांत माणसाचा हेवा करून आली होती, तो हा असा होता.

जेवणाची सुट्टी झाली. डबा तसाच बाजूला ठेवून तिने यंत्र उघडलं. कळफलकाच्या कोपऱ्यात हिरवा दिवा लागला.

‘ओवी,’ तिने लिहिलं आणि थांबली. सवयीने बोटं ‘बाबा छान’कडे वळली. तिने ते दोन शब्द पुसले. मग लिहायला लागली. वाक्यं येईनात, आली तर अर्धीच येत होती. उल्हासच्या चहाचं लिहिलं. गेल्या महिन्यात तो पहाटे बूट घालून शाळेत निघाला होता आणि दुधवाल्याने त्याला परत आणलं, ते लिहिलं. एकदा आपण त्याच्यावर ओरडलो आणि तो लहान मुलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, हेही लिहिलं. ते लिहिताना तिला रडू आलं आणि ती डोळे पुसायलाही थांबली नाही. ‘मी थकले गं. तू ये,’ असं शेवटी लिहून तिने पत्र पाठवलं. मान वर केली तेव्हा कोपऱ्यातला दिवा पिवळा झाला होता.

अजून तीन वाजायला वेळ होता. तिने रेवतीबाईंकडून वगळलेली सगळी पत्रं मागवून घेतली. एक हजार नऊशे सहा. कुठे गंजलेले खिळे, कुठे बुजलेले कॅमेरे, कुठे नुसतंच ‘मला इथे फार एकटं वाटतं’ असं कुणीतरी सकाळी नऊला कंपनीला कळवलेलं. यंत्रात ‘पूल’ हा शब्द शोधून पुलांबद्दलची निवडून काढली तर चारशे वीस भरली. ही खासगी पत्रं नव्हती. एकशे बारा कलमांपैकी एकही त्यांच्या आड येत नव्हतं. उलट, पुलाचा धोका समजला की तो राज्याच्या पूल निरीक्षकांना कळवणं कुठल्याही अधिकाऱ्याला बंधनकारक होतं. तिने चारशे वीस पत्रं निरीक्षकांना पाठवली आणि त्यांच्यावर हेमराजची अकरा ठेवली. ही प्रत बारलिंग्यांनाही गेली. मग तीनच्या कागदावर तिने लिहिलं, ‘दोष आढळला नाही. कर्मचाऱ्याने माहिती वेळेवर दिली होती. ती वाचली गेली नाही,’ आणि सही केली.

निरीक्षकांची माणसं दुसऱ्या दिवशी आली. त्यांनी सतरा क्रमांकाच्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला नवे ताणमापक लावले, दोन तास आकडे पाहिले आणि संध्याकाळच्या आत पूल वाहतुकीला बंद केला. बारलिंगे रजेवर गेले. शर्वरीला ऑफिसला यायला आता वळसा घालून पाऊण तास जास्त लागायला लागला. लोक वळशाला शिव्या देत होते, त्यात तिच्या रिक्षावाल्यानेही दिल्या. तिने ऐकून घेतल्या.

सोमवारी ती आली तेव्हा लिफ्टपाशी हेमराज भेटला. त्याने हात जोडले नाहीत की आभार मानले नाहीत. “गुडघे लय दुखतात का मॅडम?” एवढंच विचारलं आणि तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

ओवीचं उत्तर आलं होतं. ‘आई, रजा मिळाली. एकवीस तारखेला येते. हे तू आधी का नाही सांगितलंस, ते आल्यावर भांडू.’ शर्वरीने ते दोनदा वाचलं. तिच्या खांद्यावरचं काहीतरी थोडं सैल झालं.

टेबलावर नवी फाइल पडली होती. तालनोंदक अजून चालूच होता. तो बंद करायचा तर मंडळाची बैठक लागते आणि बैठक महिनाअखेरीला असते. फाइलवर कर्मचारी क्रमांक तीनशे नऊ असं लिहिलं होतं. तिने ती उघडली आणि मगच तिच्या लक्षात आलं की तीनशे नऊ म्हणजे आपण.

‘मूलतालापासून खासगी पत्राचा ढळ: एकावन्न. कंपनीच्या नोंदीतील सर्वांत मोठा. यापूर्वीचा ढळ: शून्य. कर्मचाऱ्याच्या वर्तनात अचानक बदल झाल्याचे दिसते. गोपनीयता अधिकाऱ्यांनी संबंधित कर्मचाऱ्याची चौकशी करावी.’

खाली नेहमीचा छापील प्रश्न होता. तो तिनेच नऊ वर्षांपूर्वी तयार केला होता. ‘आपण आपले पत्र स्वेच्छेने उघडून दाखवण्यास तयार आहात का?’

दाखवलं असतं तर प्रकरण पाच मिनिटांत मिटलं असतं. आजारी नवरा, दूरची लेक, थकलेली बाई. कुणीही हळहळून फाइल बंद केली असती. तिच्या डोळ्यांसमोर उल्हास आला, भिंतीकडे तोंड करून उभा असलेला, आणि त्याला पाहणाऱ्या मंडळाच्या सात खुर्च्या.

तिने पेन काढलं. उत्तराच्या रकान्यात लिहिलं, ‘नाही.’ कारणाच्या रकान्यात जरा थांबून लिहिलं, ‘त्यात दुसऱ्याचंही घर आहे.’

मग खाली सह्यांच्या दोन जागा होत्या, चौकशी करणाऱ्याची आणि जिची चौकशी व्हायची तिची. तिने दोन्हीकडे सही केली. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सकाळचं पत्र अजून लिहायचं राहिलं होतं.